दोन आक्रमकांमधले पाच दिवस

सप्टेंबर १९४४चा तिसरा आठवडा. एस्टोनियाची राजधानी टॅलिनच्या बंदरातून जर्मन सैनिकांनी भरलेली जहाजे एकामागून एक बाहेर पडत होती आणि पूर्वेकडून सोव्हिएत लाल सेनेचे रणगाडे शहराच्या दिशेने निघाले होते. जुना मालक घर सोडतो आहे आणि नवा उंबऱ्यावर येऊन ठेपला आहे, अशी ती वेळ. त्याच दिवसांत शहराच्या मध्यभागी असलेल्या टूम्पेआ टेकडीवर, 'पिक हेर्मान' नावाच्या जुन्या किल्ल्याच्या बुरुजावरून जर्मन निशाण खाली आले आणि तेथे एस्टोनियाचा निळा-काळा-पांढरा ध्वज चढला. तो चढवणारे सरकार १८ सप्टेंबरला नेमले गेले होते. २२ सप्टेंबरला टॅलिन पडले. ध्वज उतरला आणि सरकारही संपले.

जगाच्या इतिहासात अल्पजीवी सरकारांची वाण नाही. परंतु ओटो टीफ यांचे हे सरकार थोडे वेगळे आहे. त्याच्याकडे नाव घेण्याजोगे सैन्य नव्हते, तिजोरी नव्हती आणि एकाही राष्ट्राची मान्यता नव्हती. शहर आपल्या हाती राहणार नाही, हे त्यातील मंत्र्यांना पुरते ठाऊक होते. तरीही त्यांनी मंत्रिमंडळ बनवले, राजपत्र छापले, युद्धात आपण तटस्थ असल्याची घोषणा केली आणि मगच ते समुद्राकाठी निघाले. बुडत्या गलबतावर बसून खातेवही नीट लिहून ठेवावी, असाच हा प्रकार वरकरणी दिसतो. पण त्या खातेवहीचा हिशेब ४७ वर्षांनी खरोखरच मागितला गेला.

बाल्टिक समुद्राच्या काठावरील एस्टोनिया हा देश आकाराने लहान. त्या काळी त्याची लोकसंख्या होती ११ लाखांच्या आसपास, म्हणजे आजच्या गोव्याहूनही कमी. एका बाजूला रशिया आणि दुसऱ्या बाजूला जर्मनी, यांच्यामध्ये हा देश अडकित्त्यातल्या सुपारीसारखा सापडलेला. मात्र याच अडकित्त्याचे पाते किंचित उघडलेले असताना एकदा त्याने सुटका करून घेतली होती आणि १९४४च्या मंडळींच्या मनात तीच आठवण ताजी होती.

ती घटना १९१८ सालची. रशियन राज्यक्रांतीनंतर बोल्शेविकांच्या फौजा एस्टोनियातून मागे हटत होत्या आणि जर्मन सैन्य पुढे सरकत होते. या दोहोंमधल्या फटीत एस्टोनियन पुढाऱ्यांनी तिघांची एक मुक्ती समिती नेमली. २३ फेब्रुवारी १९१८ रोजी पॅर्नू शहरात स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, २४ फेब्रुवारीला टॅलिनमध्ये स्वातंत्र्य घोषित झाले आणि २५ फेब्रुवारीला जर्मन सैन्य टॅलिनमध्ये दाखल झाले. स्वतंत्र सरकारचे आयुष्य जेमतेम एका दिवसाचे! जर्मनांनी त्याला काडीचीही किंमत दिली नाही. परंतु नोव्हेंबरमध्ये जर्मनीच कोसळली, हंगामी सरकार पुन्हा वर आले, ब्रिटिश आरमाराची आणि फिनिश स्वयंसेवकांची मदत मिळाली आणि बोल्शेविकांशी झालेले युद्ध एस्टोनियाने जिंकले. २ फेब्रुवारी १९२० रोजी टार्टू येथे झालेल्या तहात सोव्हिएत रशियाने या भूमीवरील आपले सर्व हक्क कायमचे सोडून दिले. एका दिवसाची घोषणा अशी दोन वर्षांनी वसूल झाली. आजही एस्टोनियाचा स्वातंत्र्यदिन २४ फेब्रुवारी हाच आहे. देश हाती आला तो दिवस बाजूला ठेवून हक्क सांगितला तो दिवस त्या लोकांनी निवडला, ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

'कायमचे' हा शब्द वीस वर्षे टिकला. २३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलर आणि स्टॅलिन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी अनाक्रमणाचा करार केला. त्याच्या गुप्त कलमांत पूर्व युरोपची वाटणी होती आणि एस्टोनिया सोव्हिएत वाट्याला आला होता. महिनाभरातच मॉस्कोने लष्करी तळांची मागणी केली, २८ सप्टेंबर १९३९ रोजी 'परस्पर साहाय्या'च्या करारावर सही करणे भाग पडले आणि सुमारे २५ हजार सोव्हिएत सैनिक देशात येऊन बसले. जून १९४० मध्ये निर्वाणीचा खलिता आला, १७ जूनला लाल सेनेने देश ताब्यात घेतला. अध्यक्ष कॉन्स्टान्टिन पॅट्स यांनी प्रतिकार न करण्याचा निर्णय घेतला. २१ जूनला मॉस्कोच्या दूताच्या देखरेखीखाली योहानेस वारेस यांचे नवे सरकार आले, जुलैत एकाच यादीच्या निवडणुका झाल्या आणि ६ ऑगस्ट १९४० रोजी एस्टोनिया सोव्हिएत संघात 'सामील' झाला. पॅट्स यांना तत्पूर्वीच कुटुंबासह रशियात हलवण्यात आले होते. १९५६ मध्ये तेथील एका मनोरुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. सेनापती योहान लायडोनर यांनाही रशियात नेण्यात आले. ते १९५३ मध्ये तुरुंगात वारले.

पॅट्स यांच्या निर्णयावर एस्टोनियात अद्याप वाद होतात. रक्तपात टळला, असे एक पक्ष म्हणतो. मात्र त्या मौनाची जबर किंमत मोजावी लागली. व्यापक सशस्त्र प्रतिकार झाला नाही, सरकारकडून निषेधाचा कागद निघाला नाही, सह्या मात्र झाल्या. सोव्हिएत इतिहासकारांना मग 'या जनतेने स्वखुशीने समाजवाद पत्करला' असे लिहिण्याची मुभा मिळाली. अमेरिकेने २३ जुलै १९४० रोजीच हे विलीनीकरण अमान्य असल्याचे जाहीर केले होते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. परंतु खुद्द एस्टोनियाच्या वैध सत्तेचा आवाज कोठेच नोंदला गेला नव्हता. १९४४ मध्ये जे घडले त्यामागे १९१८चे धाडस होते तशीच १९४०च्या मौनाची बोचही होती.

१४ जून १९४१च्या रात्री सुमारे १० हजार माणसांना, त्यात मुलेबाळे आणि वृद्धही, मालगाड्यांच्या डब्यांत कोंबून सायबेरियाकडे रवाना करण्यात आले. आठवडाभरात हिटलरने रशियावर हल्ला चढवला. त्या उन्हाळ्यात अनेक एस्टोनियन लोकांनी जर्मन सैनिकांचे स्वागत मुक्तिदाते म्हणून केले, हे लपवण्यात अर्थ नाही. तो भ्रम लवकरच फिटला. १९४० मधील अखेरचे घटनात्मक पंतप्रधान आणि टार्टू विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक युरी उलुओट्स यांनी जर्मनांकडे एस्टोनियाचे सरकार पुनःस्थापित करण्याची मागणी करणारे निवेदन दिले. त्याला वाटाण्याच्या अक्षता लावण्यात आल्या. एस्टोनिया हा जर्मनांच्या 'ओस्टलंड' नामक प्रदेशाचा भाग झाला आणि याल्मार मॅए यांच्या नेतृत्वाखाली एक आज्ञाधारक स्थानिक प्रशासन बसवण्यात आले. देशात मागे राहिलेले सुमारे एक हजार ज्यू नागरिक काही महिन्यांत ठार मारले गेले आणि त्या कामात स्थानिक हातांचाही सहभाग होता. आगीतून फुफाट्यात पडणे यालाच म्हणतात. फक्त फुफाटा सर्वांना सारखा भाजत नव्हता.

शेजारच्या लिथुआनियाने १९४१ मध्ये याच फटीत हात घालून पाहिला होता. तेथे २३ जून १९४१ रोजी हंगामी सरकार घोषित झाले, जर्मनांनी ते सहा आठवड्यांत मोडीत काढले. मात्र त्या सरकारच्या नावावर कौनास शहरातील ज्यूंच्या हत्याकांडांकडे केलेल्या डोळेझाकीचा डाग आहे. दोन आक्रमकांपैकी एकाच्या पाठीवर बसून दुसऱ्याची नदी ओलांडू पाहणाऱ्याचे हात स्वच्छ राहत नाहीत. उलुओट्स यांच्यापुढेही हाच पेच पुढे उभा राहिला.

१९४४च्या आरंभी लेनिनग्राडचा वेढा उठला आणि लाल सेना एस्टोनियाच्या सीमेवरील नार्वा नदीपाशी येऊन धडकली. जर्मनांना माणसे हवी होती. त्यापूर्वीच्या सैन्यभरतीला एस्टोनियन तरुणांनी फारसा प्रतिसाद दिला नव्हता. हजारो तरुण समुद्र ओलांडून फिनलंडच्या सैन्यात गेले होते. परंतु फेब्रुवारीत उलुओट्स यांनी रेडिओवरून भरतीला पाठिंबा दिला आणि सुमारे ३८ हजार लोक पुढे आले. ज्या जर्मनांनी आपली मागणी धुडकावली त्यांच्याच गणवेशात देशाच्या तरुणांना पाठवण्याचा हा निर्णय. उलुओट्स यांचा हिशेब असा की, रशियन सैन्याला काही महिने थोपवले तर जर्मनी पश्चिमेकडे कोसळेल, १९१८ सारखी पोकळी निर्माण होईल आणि तोवर हाती शस्त्रे असलेली एस्टोनियन माणसे तयार असतील. हिशेब अर्धाच बरोबर निघाला. नार्वाची आघाडी जुलैपर्यंत टिकली, पण पोकळी हवी तेवढी मोठी झाली नाही. दुसऱ्या बाजूला लाल सेनेतही एस्टोनियन सैनिकांची एक संपूर्ण कोअर लढत होती. एकाच देशाची पोरे दोन परक्या गणवेशांत समोरासमोर उभी होती.

याच काळात टॅलिन आणि टार्टूमध्ये भूमिगत काम चालू होते. जुन्या राजकीय पक्षांच्या लोकांनी एकत्र येऊन 'एस्टोनिया प्रजासत्ताकाची राष्ट्रीय समिती' स्थापन केली. स्टॉकहोम आणि हेलसिंकीमार्फत पाश्चात्त्य देशांशी संपर्क राखला जात होता. एप्रिलमध्ये जर्मन पोलिसांनी मोठी धरपकड केली. परंतु त्याच एप्रिलच्या २० तारखेला एक बैठक झाली आणि या सगळ्या कथेतील सर्वात महत्त्वाचे काम बहुधा त्या बैठकीतच झाले.

एस्टोनियाच्या १९३८च्या राज्यघटनेनुसार अध्यक्षाला काम करणे अशक्य झाल्यास त्याची कर्तव्ये पंतप्रधानाकडे जातात आणि ही स्थिती लांबल्यास एक विशेष निवड समिती निर्णय घेते. चार वर्षे दोन परक्या राजवटींखाली काढल्यावर, शहरात गेस्टापोचा पहारा असताना, या समितीचे हाती लागण्याजोगे सदस्य आणि गैरहजर सदस्यांचे कायदेशीर दुय्यम गुपचूप जमले. त्यांनी ठरवले की अध्यक्ष पॅट्स शत्रूच्या कैदेत आहेत. २१ जून १९४० रोजी झालेली वारेस यांची नेमणूक घटनाबाह्य होती. म्हणून त्या दिवसापासून अध्यक्षपदाची जबाबदारी युरी उलुओट्स यांच्याकडेच आहे. बाहेर महायुद्ध पेटलेले असताना कलमांचा कीस काढणारे हे वकील कोणाला हास्यास्पद वाटतील. पण त्यांचा मुद्दा साधा होता. नवे सरकार स्थापन केले तर ते बंडखोरांचे टोळके ठरेल. जुन्याच सरकारचा धागा पुढे नेला तर मधली चार वर्षे फक्त बळजोरीची ठरतील. जूनमध्ये उलुओट्स यांनी ओटो टीफ यांना उपपंतप्रधान नेमले. १९१८ नंतरच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, विसाच्या दशकात मंत्रिपद भूषवलेले टीफ हेही पेशाने वकीलच.

सप्टेंबरमध्ये घटना भराभर घडल्या. फिनलंडने युद्धातून अंग काढून घेतले. त्यामुळे फिनिश आखातावर पहारा ठेवण्यासाठी एस्टोनियात सैन्य अडकवून ठेवण्याचे जर्मनांचे मुख्य कारणच उरले नाही. १६ सप्टेंबरला हिटलरने माघारीला संमती दिली. १७ तारखेला टार्टूच्या बाजूने लाल सेनेचा मोठा हल्ला सुरू झाला. १८ सप्टेंबरला उलुओट्स यांनी टीफ यांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ नेमले. परराष्ट्र खाते ऑगस्ट रेई यांच्याकडे, ते स्टॉकहोममध्ये होते. शिक्षण खाते वकील आर्नोल्ड सुसी यांच्याकडे, गृहखाते कारेल लीडाक यांच्याकडे, सेनापतिपद यान माइडे यांच्याकडे. उलुओट्स यांना पोटाच्या कर्करोगाने ग्रासले होते. त्यांना लगोलग स्वीडनला हलवण्यात आले.

या सरकारने काय केले? राजपत्राचा अंक छापला आणि त्यात मंत्र्यांच्या नेमणुका प्रसिद्ध केल्या. रेडिओवरून इंग्रजीत घोषणा केली की एस्टोनिया या युद्धात तटस्थ आहे. सरकारी इमारती ताब्यात घेतल्या, जर्मनांना निघून जाण्यास बजावले आणि टूम्पेआवर ध्वज चढवला. जर्मन तुकड्यांशी तुरळक चकमकी झाल्या. १९१८च्या युद्धात आरमाराचे नेतृत्व केलेले ७२ वर्षांचे योहान पिट्का यांनी काहीशे माणसांची तुकडी उभी केली होती. तेही त्याच महिन्यात नाहीसे झाले आणि त्यांचा अंत नेमका कसा झाला हे आजवर निश्चित झालेले नाही. दुसरा राजपत्र-अंक तयार होता, तो वाटायला वेळच मिळाला नाही.

सत्तेची मर्यादा किती होती, हे एका तारखेवरून कळते. मंत्रिमंडळ नेमल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ सप्टेंबरला, टॅलिनपासून सुमारे ४० किलोमीटरवरील क्लोगा येथील छळछावणीत जर्मनांनी सुमारे दोन हजार कैद्यांना गोळ्या घातल्या. त्यांतील बहुतेक लिथुआनियातून आणलेले ज्यू होते. लाल सेना पोचण्यापूर्वी साक्षीदार संपवायचे होते. कागदावर ज्या देशात कायदेशीर सरकार होते, त्या देशात राजधानीच्या इतक्या जवळ हे घडत होते आणि त्या सरकारला तेथे एक शिपाईही पाठवता येत नव्हता. या पाच दिवसांचे गौरवगान करताना क्लोगाचे नाव गाळले जाते तेव्हा चित्र अपुरे राहते.

आशा होती ती पश्चिमेकडून. रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी १९४१च्या अटलांटिक सनदेत बळाने हिरावलेले सार्वभौमत्व परत मिळवून देण्याची भाषा केली होती. १९१८ प्रमाणे ब्रिटिश जहाजे क्षितिजावर दिसतील, अशी अनेकांची श्रद्धा होती. प्रत्यक्षात १९४३च्या अखेरीस तेहरान परिषदेत रूझवेल्ट यांनी स्टॅलिनला विनोदाच्या सुरात सांगून टाकले होते की, बाल्टिक देश पुन्हा घेतल्याबद्दल आपण काही रशियाशी युद्ध करणार नाही. टॅलिनमधील वकिलांना या संभाषणाची खबर असण्याचे कारण नव्हते. एकाही देशाने टीफ सरकारला मान्यता दिली नाही.

२१ सप्टेंबरच्या सायंकाळी मंत्री टॅलिनहून पश्चिम किनाऱ्याकडे निघाले. पुइसे या खेड्याच्या परिसरात स्वीडनहून बोट येणार होती. २२ सप्टेंबरला, जेव्हा टॅलिनमध्ये लाल सेना शिरत होती, तेव्हा जवळच्या पोगारी गावातील एका साध्या प्रार्थनागृहात सरकारची अखेरची बैठक झाली. ठरलेली बोट वेळेवर आली नाही. किनाऱ्यावर हजारो माणसे मिळेल त्या होडीची वाट पाहत होती. त्या वर्षी ७० ते ८० हजार लोक देश सोडून स्वीडन आणि जर्मनीत गेले. दर चौदा-पंधरा माणसांमागे एक. बहुतेक मंत्री मात्र मागेच राहिले आणि पांगले.

१० ऑक्टोबरला टीफ पकडले गेले. इतरही एकेक करून सापडले. लीडाक लपलेल्या अवस्थेतच जानेवारी १९४५ मध्ये वारले. राज्य लेखापरीक्षक ओस्कार गुस्ताव्सन यांचा चौकशीच्या काळात मृत्यू झाला. सेनापती माइडे यांना १९४५ मध्ये मॉस्कोत गोळी घालण्यात आली. टीफ यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. आरोप काय, तर सोव्हिएत मातृभूमीशी द्रोह. ज्या राज्याचे नागरिकत्व या माणसांनी कधी मागितले नाही, त्याच राज्याचे द्रोही म्हणून त्यांना उभे करण्यात आले. गंमत अशी की, 'स्वतंत्र बूर्झ्वा सरकार स्थापन केले' हे सिद्ध करण्यासाठी सोव्हिएत तपास यंत्रणेने जी बाडेच्या बाडे लिहून काढली, त्यांतून असे सरकार होते याचा भक्कम पुरावा तिनेच जतन करून ठेवला.

शिक्षणमंत्री सुसी यांची कहाणी वेगळ्या वळणाने गेली. १९४५च्या वसंतात मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात त्यांच्या कोठडीत लाल सेनेचा एक तरुण कॅप्टन होता. मित्राला लिहिलेल्या पत्रांत स्टॅलिनवर टीका केल्याबद्दल त्याला आघाडीवरून उचलून आणले होते. नाव अलेक्सांदर सोल्झेनित्सिन. या मध्यमवयीन वकिलाने लोकशाही, राज्यघटना आणि आपल्या छोट्या देशाची हकीकत त्याला सांगितली. सुसी यांनी आठ वर्षे छावण्यांत आणि नंतर सायबेरियातील सक्तीच्या वस्तीत काढली. दोघांची मैत्री टिकली. १९६५-६६ आणि १९६६-६७ या हिवाळ्यांत सोल्झेनित्सिन टार्टूजवळील एका शेतघरात लपून राहिले आणि तेथे त्यांनी 'गुलाग आर्किपेलागो'चा मोठा भाग लिहिला. सुसी कुटुंबाने, विशेषतः त्यांची कन्या हेली यांनी, त्यासाठी मोठी जोखीम पत्करली. पाच दिवसांच्या सरकारच्या एका मंत्र्याचा सोव्हिएत व्यवस्थेला बसलेला हा टोला त्या सरकारच्या कोणत्याही फर्मानाहून जबर होता, असे म्हणायला हरकत नाही. सुसी १९६८ मध्ये वारले. पुस्तक १९७३ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाले.

उलुओट्स ९ जानेवारी १९४५ रोजी स्वीडनमध्ये निवर्तले. त्यांच्यानंतर धागा ऑगस्ट रेई यांच्या हाती आला. १९५३ मध्ये त्यांनी नॉर्वेतील ऑस्लो येथे परागंदा सरकार नेमले. हे सरकार जवळपास चाळीस वर्षे चालले. त्याला कोणी विचारत नव्हते, परंतु एक मंत्री गेला की दुसरा नेमला जात होता. दुसरीकडे न्यूयॉर्कमधील एस्टोनियाची वकिलात सबंध अर्धशतक उघडी राहिली, कारण अमेरिकेने विलीनीकरण कधीच मान्य केले नाही.

२० ऑगस्ट १९९१ रोजी मॉस्कोतील फसलेल्या बंडाच्या गोंधळात, म्हणजे पुन्हा एका फटीतच, एस्टोनियाने आपले स्वातंत्र्य घोषित केले. शब्द होता 'पुनःस्थापना'. नवे राज्य जन्माला आलेले नसून १९१८चेच प्रजासत्ताक परक्या ताब्यातून मोकळे झाले आहे, ही भूमिका. भारताने ९ सप्टेंबर १९९१ रोजी त्याला मान्यता दिली. ८ ऑक्टोबर १९९२ रोजी परागंदा सरकारचे अखेरचे प्रमुख हाइन्रिख मार्क यांनी आपले अधिकारपत्र निवडून आलेले अध्यक्ष लेनार्ट मेरी यांच्या स्वाधीन केले. पॅट्स, उलुओट्स, रेई, मार्क, मेरी अशी साखळी त्या कागदाने जुळली. आणि त्यातला सर्वात नाजूक दुवा होता सप्टेंबर १९४४.

या कायदेशीर सातत्याचे परिणाम केवळ समारंभापुरते राहिले नाहीत. राज्य जुनेच, तर नागरिकही जुनेच: जून १९४०पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज यांना नागरिकत्व आपोआप मिळाले. सोव्हिएत काळात कारखान्यांसाठी, लष्करासाठी आणलेल्या व तेथेच स्थायिक झालेल्या रशियन भाषकांना मात्र भाषेची परीक्षा देऊन अर्ज करणे आले. १९९२ मध्ये देशातील जवळपास एक-तृतीयांश रहिवासी असे नागरिकत्वाविना होते. त्यांतील कित्येकांचा जन्म एस्टोनियातच झाला होता. लिथुआनियाने आपल्या सर्व रहिवाशांना सरसकट नागरिकत्व देऊ केले; अर्थात तेथे रशियन लोकसंख्येचे प्रमाण बरेच कमी होते. टीफ यांच्या मंत्रिमंडळाने जपलेल्या धाग्याने एस्टोनियन माणसाला आपला देश परत मिळाला, आणि त्याच धाग्याने टॅलिनच्या गिरणी-वस्तीतल्या रशियन म्हातारीला ती आजवर परदेशात राहत होती असे सांगितले. न्यायाची ही दोन्ही अंगे एकाच कायद्यात आहेत.

२२ सप्टेंबर या तारखेचे भांडणही त्यातूनच आले. सोव्हिएत काळात तो 'टॅलिनच्या मुक्तीचा दिवस' होता. १९४७ मध्ये त्याच तारखेला शहराच्या मध्यवर्ती भागात मुक्तिदात्यांचे स्मारक उभारले गेले. ब्राँझचा तो सैनिक पुढे प्रसिद्ध झाला. प्रश्न असा की मुक्ती कोणापासून? जर्मन तर निघूनच गेले होते; बुरुजावर ध्वज होता तो एस्टोनियाचा. रशियन भाषकांच्या लेखी मात्र तो सैनिक नाझींना हरवताना कामी आलेल्या आजोबांची आठवण होता आणि ते आजोबाही खोटे नव्हते. एप्रिल २००७ मध्ये सरकारने हा पुतळा हलवायला घेतला तेव्हा टॅलिनमध्ये दोन रात्री दंगल उसळली, एक तरुण मरण पावला. पुतळा लष्करी दफनभूमीत नेण्यात आला. त्याच वर्षी एस्टोनियाच्या संसदेने २२ सप्टेंबर हा 'प्रतिकार दिन' म्हणून पाळण्याचे ठरवले.

ओटो टीफ यांनी शिक्षा भोगून झाल्यावर मायदेशी परतण्याचा प्रयत्न केला, पण त्यांना तेथे राहू देण्यात आले नाही. काही वर्षे युक्रेनमध्ये काढल्यावर ते लॅटव्हियातील आयनाझी या गावी राहू लागले. एस्टोनियाची हद्द तेथून हाकेच्या अंतरावर आहे. ५ मार्च १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. टॅलिनच्या 'वनदफनभूमी'त त्यांचे दफन करण्यास गुप्त पोलिसांनी मनाई केली. अध्यक्ष पॅट्स यांचे अवशेष १९९० मध्ये रशियातून आणून तेथे ठेवण्यात आले आणि १९९३ मध्ये टीफ यांनाही त्याच दफनभूमीत जागा मिळाली.